‘उठवत नाही’ : वृद्धाश्रमांतील चाकाच्या खुर्चीची नोंद आणि मराठी क्रियापद

वृद्धाश्रमातील रहिवासी चाकाची खुर्ची कशी वापरतात, याची नोंद ठेवणे हे वरवर पाहता वैद्यकाचे किंवा समाजकल्याणाचे काम वाटते. भाषेच्या अभ्यासकाचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न कोणासही पडावा. परंतु नोंद म्हणजे अखेरीस वाक्य होय. ते कोणत्या भाषेत लिहिले आहे, त्याचा कर्ता कोण आणि क्रियापद कोणते, यांवर त्या नोंदीचे मूल्य अवलंबून असते. वाशीम जिल्ह्यासारख्या प्रदेशात अशी नोंद मराठीत होणार, आणि जिच्याविषयी ती होणार ती व्यक्ती बहुधा वऱ्हाडी किंवा गोरमाटी बोलणारी असणार. प्रचलित नोंदपद्धती या कामास कितपत पुरी पडते आणि मराठी वाक्यरचनेचा एक विशिष्ट दोष तीत कसा शिरतो, याचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. संज्ञांचा प्रश्न

प्रथम संज्ञा पाहू. इंग्लंड-अमेरिकेत ‘नर्सिंग होम’ म्हणजे वृद्ध व परावलंबी माणसे जेथे दीर्घकाळ, पुष्कळदा अखेरपर्यंत, राहतात ते शुश्रूषागृह. मराठीत हाच शब्द आला तो निराळा अर्थ घेऊन. वाशीम, कारंजा किंवा रिसोड येथील रस्त्यावर ‘नर्सिंग होम’ अशी पाटी दिसली, तर ते चार-सहा खाटांचे खाजगी रुग्णालय किंवा प्रसूतिगृह आहे असेच कोणीही समजेल. मुंबई राज्याच्या १९४९ च्या शुश्रूषागृह-नोंदणी कायद्यानेही या शब्दाची व्याप्ती आजारी, जखमी व दुर्बल व्यक्तींवरील उपचाराची जागा अशीच धरली असून प्रसूतिगृहाचा तीत स्पष्ट समावेश केला आहे. दीर्घकाळ राहण्याच्या जागेस मराठीत ‘वृद्धाश्रम’ म्हणतात, आणि ‘आश्रम’ या शब्दाबरोबर दानधर्म, सेवा, निवृत्ती या कल्पना आपोआप येतात.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. रुग्णालयातील माणसाच्या उशाशी तक्ता असतो आणि त्यावर तासातासाच्या नोंदी होतात. आश्रमातील माणसाच्या नावे प्रवेशाचा अर्ज, शिधापत्रिकेची प्रत आणि मृत्यूची नोंद असते. मधल्या वर्षांची नोंद करण्याची भाषाच घडलेली नाही. २००७ च्या माता-पिता व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याच्या १९ व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी निदान १५० जणांची सोय असलेला एक तरी वृद्धाश्रम राज्य शासनाने टप्प्याटप्प्याने स्थापावा, अशी कल्पना मांडलेली आहे. तीत जागेचा आकडा आहे. त्या जागेत माणूस कसा हलतो-फिरतो याविषयीची भाषा मात्र निराळीकडे शोधावी लागते.

खुर्चीच्या नावाची गोष्टही अशीच आहे. ‘व्हीलचेअर’ हा शब्द आता मराठीत रुळला आहे. ‘चाकाची खुर्ची’ हा देशी शब्द नसीमा हुरजूक यांच्या आत्मचरित्राच्या नावामुळे वाचकांना परिचित झाला. लिखाणात मात्र या दोन्ही शब्दांना लागणारी क्रियापदे ठराविक दिसतात : माणूस व्हीलचेअरवर ‘आहे’, व्हीलचेअरवर ‘आला’, खुर्चीला ‘खिळला’. ‘अंथरुणाला खिळणे’ हा जुना वाक्प्रचार उचलून खुर्चीला जोडताना अर्थ उलटा होतो, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. अंथरूण माणसाला एका जागी ठेवते. खुर्चीला चाके आहेत ती त्या जागेवरून हलण्यासाठी.

२. वितरणाची नोंद आणि वापराची नोंद

सध्या उपलब्ध असणाऱ्या सरकारी नोंदी प्रामुख्याने दोन प्रकारच्या आहेत. एक मोजणीची, दुसरी वितरणाची.

२०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे आठ वर्ग होते व ‘हालचालीतील’ अपंगत्व हा त्यांतील एक. देशातील एकंदर अपंग व्यक्तींची संख्या तीत २ कोटी ६८ लक्ष इतकी आली आणि त्यांपैकी सुमारे ५४ लक्ष या वर्गातील होत्या. साधन कोणते वापरले जाते, हा प्रश्न त्या गणनेत नव्हता. काठी टेकीत शेतावर जाणारा माणूस आणि वर्षभर ओसरीवरून खाली न उतरलेला माणूस एकाच रकान्यात बसू शकतात. पुढे अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. परंतु हे विस्तारलेले वर्गीकरणही कारणांचे आहे, व्यवहाराचे नव्हे.

दुसरा प्रकार वितरणाचा. १ एप्रिल २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘राष्ट्रीय वयोश्री योजने’त दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना काठ्या, कुबड्या, वॉकर, श्रवणयंत्रे, कवळ्या, चष्मे आणि चाकाच्या खुर्च्या विनामूल्य दिल्या जातात. कानपूर येथील कृत्रिम अवयव निर्मिती महामंडळ हे काम करते; साधनांची एक वर्ष विनामूल्य देखभालही योजनेत अंतर्भूत आहे. प्रत्येक जिल्ह्यात शक्यतो तीस टक्के लाभार्थी स्त्रिया असाव्यात, असा दंडकही आहे. योजनेचा हेतू चांगला आहे व तिच्यामुळे अनेकांच्या घरी प्रथमच खुर्ची पोचली, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र अशा योजनेची कागदपत्रे ज्या वाक्याभोवती रचली जातात ते वाक्य ‘साधन दिले’ हे असते. शिबिराच्या दिवशी खुर्चीची नोंद पूर्ण होते. खुर्चीच्या वापराचा आरंभ मात्र त्याच दिवशी होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये साधनसामग्री कमी असलेल्या प्रदेशांसाठी हाताने चालवावयाच्या खुर्च्यांविषयी जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तीत खुर्ची पुरविण्याच्या कामाचे आठ टप्पे सांगितले आहेत : व्यक्ती पाठविणे व वेळ ठरविणे, तपासणी, खुर्चीची निवड, पैशाची व मागणीची व्यवस्था, खुर्ची तयार करणे, ती अंगास बसते की नाही हे पाहणे, वापराचे शिक्षण आणि शेवटी देखभाल, दुरुस्ती व पुनर्भेट. वितरणाची नोंद फार तर पाचव्या टप्प्यापर्यंत जाते. उरलेले तीन टप्पे वृद्धाश्रमाच्या आवारात घडतात किंवा घडत नाहीत, आणि त्यांची नोंद तेथील नोंदवहीतच व्हावयास हवी. वाशीम जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत पावसाळ्याचे चार महिने पुढची लहान चाके चिखलात रुततात. उंबरा, न्हाणीची पायरी, स्वयंपाकघराकडे जाणारा खडीचा रस्ता यांपैकी प्रत्येक ठिकाणी चालती खुर्ची थांबते. टायर बसला आणि सायकलवाल्याकडे नेण्यास माणूस नसला, तर खुर्ची कोपऱ्यात जाते आणि तिच्यावर घड्या घातलेल्या चादरी येऊन बसतात. सरकारी यादीत तरीही त्या व्यक्तीपाशी खुर्ची ‘आहे’.

३. क्रियापदाची संदिग्धता

नोंदवहीत वापराची नोंद झाली, तरी ती कशी होते? या ठिकाणी व्याकरणाचा विचार अनिवार्य ठरतो. उदाहरणादाखल एक साधे वाक्य घ्यावे :

‘आजींना उठवत नाही.’

मराठीत मूळ धातूस ‘व’ हा प्रत्यय लागून दोन निराळी क्रियापदे सिद्ध होतात. एक प्रयोजक : ‘मदतनीस आजींना उठवते’, म्हणजे उठण्याची क्रिया दुसरा कोणी करवितो. दुसरे शक्य : ‘आजींना उठवते’, म्हणजे उठण्याचे सामर्थ्य आजींच्या ठायी आहे. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून शालेय पुस्तकांपर्यंत हे दोन प्रकार वेगळे शिकविले जातात. परंतु कर्ता गाळला की त्यांचे रूप पुष्कळदा एकच होते. होकारार्थी वाक्यात मदतनीस पुरुष असल्यास ‘उठवतो’ हे रूप थोडी खूण ठेवते. नकारार्थी एकवचनात तीही खूण जाते. कर्ता अनेकवचनी असेल तरच ‘नाहीत’ या रूपाने तो ओळखू येतो. आणि भूतकाळात, ‘आजींना उठवले नाही’ या वाक्यात, दोन्ही अर्थ पूर्णतः एकरूप होतात. आजींच्या अंगी उठण्याचे त्राण नव्हते, हा एक अर्थ. आजींना कोणी उठविलेच नाही, हा दुसरा.

व्याकरणाच्या वर्गात हे वाक्य गमतीचे उदाहरण ठरेल. वृद्धाश्रमाच्या नोंदवहीत मात्र या दोन अर्थांमध्ये माणसाचे आयुष्य असते. पहिला अर्थ रहिवाशाच्या शरीराविषयी आहे, दुसरा संस्थेच्या कर्तव्याविषयी. तीन दिवस ‘उठवले नाही’ असे लिहिलेले आढळल्यास वाचणाऱ्या डॉक्टराने काय समजावे? स्नायूंची शक्ती गेली असे समजून तपासणी करावी, की मनुष्यबळ अपुरे आहे असे समजून व्यवस्थापकास विचारावे? अनेक दिवस न उठलेल्या माणसास खरोखरच उठवेनासे होते. म्हणजे दुसरा अर्थ काही आठवड्यांत पहिल्यात रूपांतरित होतो, आणि नोंदवहीतील वाक्य जसेच्या तसे राहिल्याने हे रूपांतर कोणाच्या लक्षात येत नाही.

याखेरीज शक्य क्रियापदाचा तिसरा एक पदर आहे. ‘मला पाहवत नाही’ असे म्हणणाऱ्याच्या डोळ्यांत दोष नसतो. मन घेत नाही, एवढेच त्याला सांगावयाचे असते. तसेच ‘उठवत नाही’ या शब्दांत गुडघ्याचे दुखणे असेल, किंवा उठून जावे असे कोणतेही ठिकाण उरले नाही ही व्यथा असेल. शरीराची अशक्ती, मनाची अनिच्छा आणि इतरांची निष्क्रियता, या तिन्ही गोष्टी तीन शब्दांच्या एका वाक्यात मावतात.

मराठीचा भूतकाळही नोंद करणाऱ्यास अशीच सोय करून देतो. ‘आजींना खुर्चीत बसवले’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. त्यात कर्ता नाही, वेळ नाही, कारण नाही. आजींनी बसवा म्हटले होते का? किती वेळ बसविले? खाली गादी होती का? फार वेळ एकाच स्थितीत बसल्याने कातडीवर दाबाचे व्रण पडतात, म्हणून बसण्याची वेळ नोंदणे हा केवळ काटेकोरपणा नव्हे. शिवाय खुर्चीत ‘बसवणे’ आणि खुर्चीत ‘अडकवणे’ यांतील भेद कर्त्यावाचूनच्या वाक्यात दिसत नाही. पडू नये म्हणून कमरेस बांधलेला पट्टा आणि उठून कोठे जाऊ नये म्हणून बांधलेला पट्टा दिसावयास सारखेच असतात.

४. अमेरिकी तक्त्याचा धडा आणि त्याची मर्यादा

या प्रश्नाचा विचार अन्यत्र झालेला आहे. अमेरिकेत १९८७ च्या कायद्यानंतर शुश्रूषागृहांतील प्रत्येक रहिवाशाची ठराविक तक्त्यानुसार नियतकालिक तपासणी सक्तीची झाली. त्या तक्त्याच्या जुन्या रचनेत हालचालीच्या प्रत्येक बाबीस दोन रकाने होते : व्यक्तीने स्वतः किती केले, आणि तिला किती साहाय्य मिळाले. मराठीतील ‘व’ प्रत्यय ज्या दोन गोष्टींची गल्लत करतो, त्याच गोष्टी तेथे आखलेल्या रेषेने वेगळ्या केल्या होत्या. पुढच्या रचनेत व्यक्ती चाकाची खुर्ची वापरते काय, ती हाताने चालणारी की विजेवर चालणारी, आणि दोन वळणांसह ५० फूट व सरळ १५० फूट अंतर ती खुर्ची चालवू शकते काय, असे प्रश्न आहेत. तसेच उठण्यास प्रतिबंध करणारी खुर्ची ही बंधनाच्या साधनांत निराळी नोंदविण्याची तरतूद आहे. एकच वस्तू वाहन आणि बेडी अशी दोन्ही होऊ शकते, हे सत्य त्या तक्त्याने मान्य केले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या वर्गीकरणातही ‘क्षमता’ आणि ‘प्रत्यक्ष व्यवहार’ यांत भेद केलेला आहे. ‘चालणे’ आणि ‘साधनाच्या आधारे फिरणे’ हे तेथे दोन स्वतंत्र वर्ग आहेत. त्यामुळे जो चालत नाही तो फिरत नाही, हा सर्वसाधारण समज मुळातच बाजूला पडतो. मराठी भाषेनेही ही शक्यता राखून ठेवली आहे : जी स्वतः चालत नाही ती खुर्ची ‘चालवते’. येथील प्रयोजकाने कर्तृत्व तिच्याकडे दिले आहे. दुर्दैवाने नोंदवह्यांत हे रूप विरळाच यावे आणि ‘नेले’, ‘बसवले’, ‘फिरवले’ ही रूपे रोज यावीत, अशीच एकंदर लेखनपद्धती आहे.

तथापि अमेरिकी तक्ता जसाच्या तसा उचलून भाषांतरित करावा, असे सुचविणे योग्य होणार नाही. त्या तक्त्यामागे नोंदीनुसार शासनाकडून पैसे मिळण्याची व्यवस्था आहे, आणि जेथे नोंदीस पैसा जोडलेला असतो तेथे नोंद पैशाकडे झुकण्याचा धोका असतो. शिवाय १५० फूट हे अंतर लांबलचक सपाट सोप्याचे आहे. वाशीमकडील आवारात मोजावयाचे अंतर निराळे : बाजेपासून न्हाणीपर्यंत, न्हाणीपासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून कडुलिंबाखालच्या बैठकीपर्यंत. खुर्ची किती फूट गेली यापेक्षा ती कोठे गेली आणि कोणाच्या इच्छेने गेली, हे कळणे अधिक अगत्याचे आहे. आकडे हे सांगू शकत नाहीत. त्यासाठी वाक्यच हवे.

५. रहिवाशाचे वाक्य

ते वाक्य कोणाचे असावे? येथे पुन्हा नसीमा हुरजूक यांच्या आत्मचरित्राकडे वळावे लागते. किशोरवयात कमरेखालील शरीर निकामी झालेल्या आणि पुढे कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था १९८४ मध्ये उभारणाऱ्या या लेखिकेचा ग्रंथ वृद्धाश्रमाविषयी नाही. पण नोंदीच्या दृष्टीने त्याचे महत्त्व असे, की खुर्चीविषयीच्या वाक्याचा कर्ता तेथे खुर्चीत बसलेली व्यक्ती आहे. हा प्रथमपुरुष नोंदवहीत आणता येईल काय?

वऱ्हाडी बोली या कामी प्रमाणभाषेपेक्षा कमी पडत नाही. ‘मले उठवत नाही’ असे जेव्हा एखादी वृद्धा म्हणते, तेव्हा ‘मले’ या शब्दाने अर्ध्याअधिक संदिग्धतेचा निरास होतो. ‘माह्याच्यानं उठवत नाही’ असे ती म्हणाली, तर प्रयोजक अर्थ पूर्णपणे गळतो. कारण ‘च्यानं’ हा प्रत्यय अशा रचनेत सामर्थ्याचाच कर्ता दाखवितो. आणि ‘मले कोनी उठवत नाही’ असे ती म्हणाली, तर दोष कोठे आहे हे सांगण्यास भाष्यकाराची जरुरी उरत नाही. या तीन वाक्यांतील सूक्ष्म भेद बोलणारीला उपजत ठाऊक असतात. ते हरवतात ते लिहिणाऱ्याच्या टाकाखाली, जेव्हा तिन्हींचे शुद्धीकरण ‘आजींना उठवत नाही’ या एका सभ्य वाक्यात होते. मानोरा तालुक्यातील एखादी वृद्धा गोरमाटीत बोलत असेल, तर हे हरवणे दुप्पट होते. कारण तेथे शब्दच बदलावे लागतात. तिचे मूळ शब्द देवनागरीत लिहून खाली मराठी अर्थ द्यावा, हा साधा उपाय आहे.

या दृष्टीने पुढील पाच गोष्टी प्रत्येक नोंदीत असाव्यात : खुर्चीत बसण्याची व उतरण्याची वेळ, खुर्ची कोणी चालविली, स्वतः की दुसऱ्याने, व दुसऱ्याने असल्यास त्याचे नाव, कोठून कोठे, जाण्याचे कोणी सुचविले, आणि रहिवाशाचे त्याविषयीचे शब्द, जसेच्या तसे. नियम एकच : कर्त्यावाचून वाक्य लिहू नये, आणि ‘उठवत’, ‘बसवत’, ‘चालवत’ ही रूपे नकारात आल्यास ‘च्याने’ किंवा ‘कोणी’ यांपैकी एक शब्द घातल्यावाचून ती पूर्ण समजू नयेत.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला, दोन-तीन मदतनीस असलेल्या संस्थेत एवढे लिहिणार कोण? आक्षेप खरा आहे. परंतु ‘मदतनीस नव्हती, म्हणून कोणी उठवले नाही’ हे वाक्य लिहिण्यास ‘उठवले नाही’ यापेक्षा फार वेळ लागत नाही. लागते ते धैर्य. अशी वाक्ये महिनाभर साठली, तर मनुष्यबळ वाढवून मागण्यास त्यांच्याएवढा सबळ पुरावा दुसरा नाही. म्हणजे कर्ता लिहिल्याने संस्थेची अडचण होण्याऐवजी तिची बाजू बळकट होण्याचाच संभव अधिक. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्यांची स्मृती किंवा वाणी गेली आहे, त्यांचे शब्द कोठून आणावयाचे? तेथे प्रथमपुरुष शक्य नाही हे मान्य केले पाहिजे. अशा वेळी जे दिसले ते लिहावे : खुर्ची दाराकडे वळविली तेव्हा हात चाकावर आला, किंवा मान फिरली. त्याचा अर्थ लावण्याचा मोह टाळावा. ‘बाहेर जायचे होते’ असे लिहिणे म्हणजे दुसऱ्याच्या तोंडी आपले वाक्य घालणे होय.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या तेथील शाखेतील द्वितीय विंध्यशक्ती याचा ताम्रपट भाषाभ्यासकांना एका कारणास्तव परिचित आहे : त्यातील राजवंशाचे वर्णन संस्कृतात असून प्रत्यक्ष दानाचा, म्हणजे व्यवहाराचा, भाग प्राकृतात आहे. आजच्या नोंदवहीतही असे दोन भाग असण्यास हरकत नाही. संस्थेचे नाव, दिनांक, योजनेचा क्रमांक हे सर्व प्रमाण मराठीत असावे. पण ज्यावर कोणाचे तरी उठणे-बसणे अवलंबून आहे, तो भाग ज्याचे ते उठणे-बसणे त्याच्या बोलीत असावा. तसे न झाल्यास दिलेल्या खुर्च्यांची संख्या दरवर्षी वाढलेली दिसेल. त्यांतून कोणी उठले की नाही, कोणी उठविले की नाही, आणि न उठण्यात दोष शरीराचा होता की इतर कोणाचा, हे मात्र वाचणाऱ्यास कधीच कळणार नाही.